झांझिबार: उधाण, लवंगा आणि नाशिकचा जेकब

झांझिबारची सहल म्हटली की टूरवाले बहुतेक वेळा एकच साचा पुढे करतात. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये सगळ्या रात्री, आणि स्टोन टाउनला विमानतळावर जाता जाता अर्धा दिवस. आम्ही तो साचा मोडला आणि जुन्या गावाला भरपूर वेळ दिला. याला कारण आत्या. मी आणि बायको नाशिकचे, पण आत्याचं सगळं आयुष्य गुहागरजवळच्या वाडीत गेलं. समुद्र, माड, पोफळी हे सगळं तिच्या परसातलं. नुसता समुद्र दाखवायला तिला आफ्रिकेपर्यंत नेलं असतं तर परत येईपर्यंत ऐकवलं असतं तिने.

थोडं कामाचं आधी सांगतो. झांझिबार टांझानियात मोडतं. टांझानियाचा व्हिसा ऑनलाइन निघतो, भारतीयांना ५० डॉलर पडतात. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारने पाहुण्यांना स्वतःचा विमा सक्तीचा केला आहे, त्याचे आणखी ४४. आपला इथला प्रवास विमा असला तरी तो काढावाच लागतो. मोठा पाऊस मार्च ते मे पडतो, तेव्हा जाऊ नये. आम्ही जानेवारीच्या शेवटी गेलो. ऊन कडक, पण ईशान्येचा वारा दिवसभर चालू. याच वाऱ्यावर कच्छ, मुंबई, मस्कतची गलबतं इथे उतरायची आणि नैऋत्येचा वारा सुरू झाला की परत फिरायची.

रविवार

मुंबईहून दार-ए-सलाम आणि तिथून छोट्या विमानाने झांझिबार. बसून पट्टा लावेपर्यंत उतरायची वेळ होते. तसं झांझिबार हे द्वीपसमूहाचं नाव, आपण ज्याला झांझिबार म्हणतो ते मोठं बेट उंगुजा.

संध्याकाळी फोरोधानी बागेत गेलो. समुद्राला लागून ही बाग, आणि अंधार पडला की तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. मासे, खेकडे, ऑक्टोपसच्या काड्या रचून ठेवलेल्या असतात. त्या दिसतात छान, पण सकाळपासूनच्या असू शकतात, विचारून घ्यावं. 'झांझिबार पिझ्झा' म्हणतात तो पिझ्झा नव्हे, कणकेच्या पातळ पोळीत खिमा, अंडं, कांदा भरून तव्यावर परतलेली घडी. आम्हाला आवडला तो उरोजो. कैरी-चिंचेचं आंबट, पिवळं, दाटसर सार. त्यात भजी, उकडलेला बटाटा, कसाव्याचे कुरकुरीत काप, वरून नारळाची चटणी आणि तिखट. मिसळीची चुलत बहीणच म्हणा. भजीला तिथेही भजियाच म्हणतात. आत्याने वाडगा पुसून खाल्ला आणि मग म्हणाली, "कैरी जरा जास्त झालीय."

सोमवार: स्टोन टाउन

हे गाव दगडाचं खरं, पण दगड म्हणजे प्रवाळाचा खडक. तो चुन्यात बसवून भिंती उभ्या केल्या आणि छताला खारफुटीच्या लाकडाचे वासे टाकले. त्या वाशांच्या लांबीपेक्षा खोली रुंद करता येत नाही, म्हणून जुन्या घरांतल्या खोल्या लांबच लांब आणि अरुंद. चुना पाणी पितो आणि छत गळलं की भिंत फुगून सुटते. २००० साली गावाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण पडझड थांबलेली नाही. सुलतान बरगशने १८८३ मध्ये बांधलेला 'बैत-अल-अजाइब', म्हणजे नवलाईचा वाडा, डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती चालू असतानाच एका बाजूने कोसळला. आम्हाला तो बाहेरूनच बघता आला.

गल्ल्या इतक्या अरुंद की मोटारसायकल आली तर उंबऱ्यावर चढावं लागतं. त्यामुळे दरवाजे आपोआप जवळून बघणं होतं. अरबी दरवाज्यांच्या वरच्या पट्टीवर कुराणातली वचनं, चौकटीवर खालून वर चढत जाणारी नक्षी आणि साखळ्या. गुजराती पद्धतीचे दरवाजे लहान लहान चौकोनांचे, घडी पडणाऱ्या फळ्यांचे. पितळी टोकदार खिळे अनेकांवर दिसतात. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला खिळे आहेत ते हत्तीने धडक मारू नये म्हणून. या बेटावर हत्ती कुठून येणार? भारतातून रीत आली आणि श्रीमंती दाखवायची म्हणून राहिली. आमच्या मुक्कामाच्या घराचे खिळे रोज सकाळी एक मुलगा लिंबाच्या फोडीने घासायचा. एक खिळा, एक फोड, मग पुढचा.

मुंबईचा संबंध इथे पावलोपावली निघतो आणि वाटाड्या त्याबद्दल अवाक्षर काढत नाही, विचारावं लागतं. ओमानच्या सुलतानाने मस्कत सोडून इथे राजधानी आणली. तो गेल्यावर मुलांमध्ये वाटणीचं भांडण लागलं आणि ओमान वेगळं, झांझिबार वेगळं असा निवाडा १८६१ मध्ये दिला तो भारताचा व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग याने. त्याच मुलांतल्या बरगशने थोरल्या भावाविरुद्ध बंड केलं होतं. ते फसल्यावर इंग्रजांनी त्याला काही काळ मुंबईत ठेवलं. परत येऊन तो सुलतान झाला आणि वाडे, पाण्याचे नळ यांच्या मागे लागला. बंदरावरचा नक्षीदार सज्ज्यांचा जुना दवाखाना थारिया तोपन या भारतीय इस्माइली व्यापाऱ्याच्या पैशांतून उभा राहिलेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं चलनसुद्धा रुपया होतं.

दुपारी अँग्लिकन चर्चला गेलो. हे चर्च गुलामांच्या बाजाराच्या जागेवर आहे. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या भागातून माणसं साखळदंडात चालवत किनाऱ्यावर आणायची, गलबतात कोंबून इथे उतरवायची आणि विकायची. १८७३ मध्ये हा बाजार बंद झाला. त्यासाठी लंडनने बोलणी करायला पाठवला सर बार्टल फ्रिअर, मुंबईचा माजी गव्हर्नर. मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली ती याच्याच कारकिर्दीत. फ्रिअरला बरगशने दाद दिली नाही. शेवटी जॉन कर्क या इंग्रजांच्या इथल्या प्रतिनिधीने, आरमार बंदराची नाकेबंदी करील अशी धमकी देऊन, जूनमध्ये सही मिळवली. त्याच वर्षीच्या नाताळात चर्चचा पाया घातला. चाबकाने मारायचा खांब जिथे होता तिथे आज वेदी आहे, खाली गोल संगमरवर बसवलेला. आत शिरताना काही खांब उलटे दिसतात. बिशप बाहेरगावी असताना गवंड्यांनी ते बसवले, असं सांगतात.

आवारातल्या एका इमारतीखाली दोन बुटक्या कोठड्या दाखवतात. गुलामांना इथे कोंबत, असं वाटाड्या ठासून सांगतो. ही इमारत बाजार बंद झाल्यानंतरची आहे, असं काही अभ्यासकांचं म्हणणं. मला त्यापेक्षा बाहेरचं शिल्प पटलं. जमिनीत चौकोनी खड्डा, त्यात दगडाची पाच माणसं छातीपर्यंत, गळ्यात लोखंडी कड्या, आणि त्यातली साखळी खरी, त्या काळातली. १९९८ मधलं काम. चेहरे वर नाहीत, कुणाचीही नजर आपल्याला भेटत नाही.

आणि मग चर्चमध्ये एका बाजूला एक साधा लाकडी क्रूस. या क्रूसासाठी मी आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. आफ्रिकेचा आतला भाग धुंडाळणारा स्कॉटिश मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आजच्या झांबियातल्या चितांबो गावात वारला. बरोबरच्या आफ्रिकी माणसांनी त्याचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं, शव मीठ लावून उन्हात सुकवलं आणि ते खांद्यावर घेऊन दीडेक हजार किलोमीटर किनाऱ्यापर्यंत चालत आणलं. त्या झाडाच्या लाकडाचा हा क्रूस. हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने. हा जेकब नाशिकमध्ये शिकलेला! गुलामांच्या गलबतांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवलेली मुलं मुंबईला उतरवली जायची आणि त्यातली बरीच नाशिकच्या शरणपूरला, मिशनच्या शाळेत. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी. त्यातले काही जण पुढे आफ्रिकेच्या मोहिमांवर गेले आणि त्यांना तिकडे 'नासिक बॉइज' हेच नाव पडलं. जेकब शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनला पुरलं तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत तोही होता.

शरणपूर रोडवरून मी निम्मं आयुष्य ये-जा केली आहे. तिथे सिग्नलला थांबलो की डोक्यात कुठल्या बँकेत काम आहे एवढंच असतं. वाटाड्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "नासिक? ते जर्मनीत का?" मग त्याने वहीत लिहून घेतलं. पुढच्या मराठी गटाला तो नक्की सांगेल, कदाचित तिकिटाचा भावही वाढवेल.

रात्री जॉज कॉर्नरवर छोट्या बिनकानी कपांतून काळी कॉफी प्यायलो, शेजारी डॉमिनो आपटणारे म्हातारे. आत्याला येणारा-जाणारा "शिकामू" म्हणून नमस्कार करत होता आणि "माराहाबा" हे उत्तर तिने एव्हाना तोंडपाठ केलं होतं.

मंगळवार

होडीने चांगू बेटावर. नाव प्रिझन आयलंड, पण तुरुंग बांधून झाल्यावर त्यात कैदी कधी ठेवलेच नाहीत, साथीच्या भीतीने जहाजांवरच्या माणसांना तिथे वेगळं ठेवायचे. बघायची ती कासवं. १९१९ मध्ये सेशेल्सहून चार अजस्र कासवं भेट आली, आजचा कळप त्यातून वाढलेला. पाठीवर रंगाने वय लिहिलंय, शंभरीच्या पुढचे आकडे सर्रास. मान खाजवली की कासव चारही पाय ताठ करून उभं राहतं. लोक पालकाची पानं भरवत राहतात आणि फोटो काढत राहतात. अर्ध्या दिवसाचं काम, त्याहून जास्त नाही.

बुधवार: मसाल्याची बाग

उत्तरेला जाताना वाटेत मसाल्याची बाग दाखवतात. युरोपीय पाहुण्यांसाठी हा मोठा सोहळा. मुलगा पान चुरगाळून नाकाला लावतो, ओळखा पाहू म्हणतो. आमच्या गटात दोन जर्मन जोडपी आणि आत्या. गवती चहा? आत्या. दालचिनी? आत्या. हळद, मिरवेल, वेलदोडा, बिलिंबी, फणस? आत्याच. शेंदरीची बोंडं फोडून त्याने ओठांना लावायचा रंग दाखवला तेव्हा मात्र ती गप्प बसली, ते झाड तिच्याकडे नाही. जायफळ फोडून त्याने लाल जाळीदार जायपत्री दाखवली आणि हे फक्त झांझिबारात असं मिळतं म्हणाला. आत्याने मला सांगितलं, "त्याला म्हणावं, आमच्या पोफळीत सहा झाडं आहेत." मी सांगितलं. त्यानंतर त्याने कोडी घालायचं सोडलं आणि दोघं कलमं कशी बांधायची यावर बोलत बसली, तो इंग्रजीत आणि ती मराठीत. दुभाष्याचं काम माझ्याकडे.

लवंगेच्या झाडाशी ती बराच वेळ उभी राहिली. लवंग म्हणजे न उमललेली कळी. फूल उमललं की भाव गेला. तेव्हा वेळेवर, हाताने, फांदी वाकवून घोस खुडायचे आणि चटईवर उन्हात पसरायचे. ओमानच्या सुलतानाने एकोणिसाव्या शतकात ही लागवड सक्तीने वाढवली आणि राबायला गुलाम लावले. सोमवारी पाहिलेल्या बाजाराची पैशाची बाजू ही. १८७२ च्या चक्रीवादळात उंगुजावरची बहुतेक झाडं मोडली, शेजारचं पेंबा बेट वाचलं. आजही झांझिबारची लवंग म्हणतात ती मुख्यतः पेंबाचीच.

गुरुवार: नुंग्वी

कॅलेंडरवर छापतात तो समुद्र इथे आहे. पांढरी वाळू, हिरवट निळं पाणी आणि ओहोटीतही पोहता येईल एवढी खोली. शेजारच्या केंडवालाही तसंच. गर्दी, गाणी, 'जांबो जांबो' करत मागे लागणारे टूरवाले हेही आहेच. कासवांबरोबर पोहा असा एक धंदा जोरात चालतो. खाजणातल्या तळ्यात कोंडलेली कासवं आणि त्यांच्यावर तुटून पडलेली माणसं. आम्ही दारातून परत फिरलो.

पाहावं ते गावामागच्या किनाऱ्यावर, ढाऊ, म्हणजे शिडाची लाकडी गलबतं, बांधतात ते. वाकस आणि हाताचा गिरमिट एवढ्यावर तिघे-चौघे एक पडावाएवढं धूड उभं करत होते. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचं काम एक म्हातारा करत होता. ठोक्याचा आवाज बदलला की तो थांबायचा, बोट फिरवायचा, पुढे सरकायचा. नकाशा किंवा कागद कुठे दिसला नाही. बाजूला दोन्हीकडे उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं आडवं लाकूड, असलेल्या लहान शिडाच्या होड्या ओढून ठेवलेल्या. आत्याने उलांडी हाताने हलवून बघितली आणि बांधणी घट्ट आहे असा दाखला दिला.

शुक्रवार: जोझानी

जोझानी-च्वाका बे हे झांझिबारचं एकमेव राष्ट्रीय उद्यान, २००४ पासूनचं. इथे लाल कोलोबस माकड राहतं. पाठ तांबडी, तोंड काळं, त्याभोवती पांढऱ्या केसांचा विस्कटलेला मुकुट. हाताला अंगठा जवळजवळ नाहीच. जगात फक्त या बेटांवर आढळतं आणि शास्त्रीय नावात कर्क आहे, तोच सोमवारचा, बरगशकडून सही घेणारा. स्वारी डॉक्टर आणि निसर्ग अभ्यासकही होती.

आपल्याकडच्या माकडांसारखं पिशवी ओढणं वगैरे नाही. डोक्यावरच्या फांदीत बसून कोवळी पानं खात होती, आमच्याकडे ढुंकूनही न बघता. जंगलालगतच्या शेतांत ती आंब्याची आणि बदामाची पानं खातात. बदाम म्हणजे आपल्या शाळांच्या आवारात असतो तो, पानं लाल होऊन गळणारा. या पानांतली काही द्रव्यं पचनाला त्रास देतात, म्हणून ही माकडं जळक्या लाकडाचा कोळसा खातात. लोणारी भट्ट्यांवरून चोरूनसुद्धा. त्यामुळे द्रव्यं बाधत नाहीत. पिल्लं आईचं बघून शिकतात. जंगलाला चिरत मोठा रस्ता जातो आणि त्यावर माकडं गाड्यांखाली मरायची. गतिरोधक बसवल्यापासून ते खूप कमी झालं.

पुढे खारफुटीतून लाकडी पूल. कांदळ, तिवर, चिपी, सगळी ओळखीची. ओहोटी होती, चिखलात खेकडे. इथे जायचं तर भरती-ओहोटीची वेळ विचारून जावं, भरतीत मुळं बुडालेली असतात. आमच्या वाटाड्याने पानाच्या मागचं मीठ चाटायला लावलं.

शनिवार: जांबियानी

पूर्व किनारा वेगळाच. पौर्णिमा नुकतीच झाली होती, उधाणाचे दिवस. सकाळी उठून पाहिलं तर समुद्र नाही! पाणी किलोमीटरभर मागे गेलेलं आणि मधे उघडी वाळू, डबकी, शेवाळ. रिसॉर्टमधली एक बाई काउंटरवर तक्रार करत होती. पोहायला यायचं असेल तर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते, दिवस बघून यावं किंवा मग उत्तरेला राहावं, हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही.

पण पाणी गेलं म्हणूनच गाव समुद्रात उतरलं. बायका, बहुतेक सगळ्या बायकाच. काही जणी काठीने खडकांच्या भोकांतून ऑक्टोपस काढत होत्या. बाकीच्या सागरी शेवाळाच्या शेतात. वाळूत खुंट्या ठोकलेल्या, दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणलेली आणि दोरीवर वीतवीत अंतराने शेवाळाचे तुकडे बांधलेले. दीडेक महिन्यात वाढ होते, मग कापायचं, वाळवायचं आणि व्यापाऱ्याला द्यायचं. त्यातून निघणारा घट्ट करणारा पदार्थ टूथपेस्ट, आइसक्रीममध्ये जातो. १९८० च्या दशकाच्या अखेरीला ही शेती इथे आली आणि अनेक बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा. जास्त भाव मिळणारी जात उथळ, तापलेल्या पाण्यात कुजते. पाणी आता पूर्वीपेक्षा गरम होतंय, म्हणून ज्यांना पोहता येतं आणि होडी मिळते त्या खोल पाण्यात जातात, बाकीच्या स्वस्त जातीवर भागवतात.

एकीने आत्याला जवळ बसवलं आणि गाठ मारून दाखवली. दोरीच्या पिळात फट करायची, बारीक सुतळीचा फास आत घालायचा, त्यात शेवाळाचा तुकडा, वरून सैल गाठ. घट्ट ओढली तर तुकडा तुटतो. आत्याची तिसरी गाठ तिने पास केली. पायात मात्र बूट हवेतच, काळे काटेरी समुद्री साळिंदर वाळूत जागोजाग असतात.

पुन्हा रविवार

दार-ए-सलामच्या दुपारच्या फेरीबोटीपर्यंत स्टोन टाउन. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९४६ मध्ये इथे जन्मला, पारशी घरातला फारुख बलसारा, आणि शाळेला होता पाचगणीला. बायकोला ते छोटं संग्रहालय बघायचं होतं, पाचगणीचे फोटो आहेत म्हणून. १९६४ च्या जानेवारीत क्रांती झाली, अरब आणि भारतीय कुटुंबांवर हल्ले झाले, हजारो जण मारले गेले, उरलेले पळाले. बलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. संग्रहालयात या भागावर फार शब्द खर्च केलेले नाहीत.

मी आणि आत्या दाराजानी बाजारात. ती लवंग दातांनी तोडायची, नखाने दाबून तेल सुटतंय का बघायची आणि पुढच्या दुकानी जायची. चौथ्या दुकानदाराने तिला स्टूल दिलं. जायफळ घेतलं नाहीच. "लवंग यांची, जायफळ माझं," असा निकाल लागला आणि अर्धा किलो लवंग बांधली.

फेरी दोनेक तासांची. वारा मागून होता तरी लाटा मोठ्या, निम्मा डेक पिशव्या तोंडाशी धरून बसलेला. आत्याने पुडी सोडली, आम्हा दोघांना एकेक लवंग दिली, मग शेजारच्या बाईला, तिच्या पोरांना, आणि दार-ए-सलाम येईपर्यंत पावशेर तरी वाटून झाली.